कोकणात घरच्या घरी दुधाच्या शेळ्या: माचापासून प्रदर्शनाच्या रिंगणापर्यंत

शेळीला पाऊस सोसत नाही, आणि कोकणात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बहुतेक ठिकाणी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दुधाच्या शेळ्या पाळायच्या तर सगळं वेळापत्रक या दोन गोष्टींवरून ठरतं. गोठा कधी बांधायचा, शेळी कधी आणायची, बोकड कधी दाखवायचा, करडं कोणत्या महिन्यात यायला हवीत, सगळं पावसाला विचारून. घाटावरचे सल्ले म्हणूनच इथे जसेच्या तसे चालत नाहीत. धाराशिवच्या कोरड्या हवेत जमिनीवर बसून सुखात राहणारी शेळी मालवणात श्रावण लागला की खोकायला लागते.

हा लेख तीन ते पाच दुभत्या शेळ्या पाळू पाहणाऱ्या घरासाठी आहे. घरातली माणसंच राबणार, दूध आधी घरात लागणार, थोडं शेजारीपाजारी जाणार आणि हिवाळ्यात मुलं एखादी शेळी प्रदर्शनाला उभी करणार, असं धरून चाललो आहे. नुसत्या दुधावर घर चालेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दूध, मटणाला जाणारे बोकड आणि आंब्या-माडाला घातलेलं लेंडीखत, तिन्ही धरलं तर हिशेब जुळतो.

माच आधी, शेळी नंतर

दिवाळीनंतर काम काढा आणि एप्रिलपर्यंत संपवा. जागा उंचावरची, कातळाची मिळाली तर उत्तम. सुपारीच्या बागेत, पाटाच्या कडेला किंवा जिथे पावसात पाणी तुंबतं तिथे गोठा नको, मग ती जागा घराला कितीही जवळ असो.

कोकणात शेळी जमिनीवर ठेवायची नाही, माचावर ठेवायची. चिऱ्याचे खांब घालून जमिनीपासून तीन ते चार फुटांवर फळ्यांची जमीन करा. उंची अशी हवी की मोठ्या माणसाला खाली वाकून खोऱ्याने लेंड्या ओढता आल्या पाहिजेत. खालची साफसफाई अडचणीची असली की ती होत नाही, आणि ती झाली नाही की लघवीच्या अमोनियाची वाफ वर येऊन शेळ्यांची छाती धरते. जुन्या पोफळीच्या चिरलेल्या पट्ट्या किंवा माणग्याचे बांबू माचाला चांगले. दोन पट्ट्यांत साधारण दीड सेंटिमीटर फट ठेवा. लेंडी खाली पडली पाहिजे, पण खूर अडकता कामा नये. करडांच्या कप्प्यात फट एक सेंटिमीटरच. मोठ्या शेळीला दहा-बारा चौरस फूट आणि बोकडाला वीस चौरस फूट जागा धरा.

छप्पर कौलाचं असेल तर सोनं. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत साधा पत्रा लवकर गंजतो, उन्हाळ्यात तापतो आणि पावसात त्याच्यावरचा आवाज नवीन शेळीला खाऊ देत नाही. पागोळ्या तीन फूट तरी बाहेर पडाव्यात. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून दक्षिण आणि पश्चिम बाजूला चिऱ्याची पूर्ण भिंत घाला. उत्तर-पूर्व बाजू जाळी लावून मोकळ्या ठेवा. चारही बाजू प्लास्टिकने गुंडाळण्याचा मोह आषाढात होतो. तो आवरा, कारण कोंडलेली दमट हवा पावसाच्या शिंतोड्यांपेक्षा वाईट.

गव्हाण माचाच्या बाहेरच्या बाजूला लावा, शेळीने फटीतून मान घालून खायचं. पायाखाली पडलेला चारा शेळी तोंडात घेत नाही. आत गव्हाण केली तर निम्मा पाला वाया जातो आणि पाल्यावर लेंड्या पडून जंत पोटात जातात. बोकडाची जागा वेगळी, दुभत्या शेळ्यांपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. त्याचा वास दुधाला लागतो ही तक्रार खरी आहे.

आणि बिबट्या. संगमेश्वरापासून दोडामार्गापर्यंत कुठेही राहत असाल तर रात्रीचा दरवाजा कडी घालून आणि जाळी जाड हवी, वरून शिरायलाही वाव नको. बिबट्याने शेळी मारलीच तर ती हलवू नका, लगेच वनखात्याला कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही.

कोणती शेळी आणायची

सिंधुदुर्गाची स्वतःची जात म्हणजे कोकण कन्याळ. तोंडावर दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, लांब लोंबते कान, उंच पाय. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने या जातीवर काम केलं आहे. पावसात तगते, डोंगर चढते, पण मुळात ती मटणाची जात. करडांना पाजून घरच्या चहापुरतं दूध देईल, त्याहून फार अपेक्षा नको.

दुधासाठी माझी पसंती सुरतीला. मूळ गुजरातची, पांढरी, मध्यम बांध्याची, बांधून खायला रुळलेली, कास चांगली. नीट ठेवली तर दिवसाला दीड-दोन लिटरपर्यंत जाते. केरळची मलबारी हा दुसरा शहाणा पर्याय. तिचं गावही असंच दमट आणि पावसाचं, त्यामुळे हवा बदलली म्हणून ती आजारी पडत नाही. पंजाबची बीटल आणि उत्तर प्रदेशची जमनापारी दिसायला रुबाबदार, दूधही भरपूर, पण दोन्ही कोरड्या मुलखातल्या. पहिल्याच वर्षी त्या आणू नका. स्वित्झर्लंडची सानेन जगात दुधासाठी नावाजलेली आहे, मात्र तिची गोरी कातडी आणि आपलं वैशाखातलं ऊन यांचं जमत नाही.

पैसे कमी असतील तर एक जुना मार्ग आहे. गावातल्या चांगल्या दूध देणाऱ्या शेळ्या घ्यायच्या आणि त्यांना जातिवंत सुरती बोकड दाखवायचा. दोन पिढ्यांत दूध वाढतं, अंगातला पावसाचा काटकपणाही राहतो.

खरेदी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये करा. शेळी दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, चार किंवा सहा दाती बघावी. विकणाऱ्याच्या घरी संध्याकाळची धार स्वतःसमोर काढून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. एकाच धारेवर भाव ठरवू नका. आदल्या वेळचं दूध न काढता कास फुगवून दाखवायची युक्ती सगळ्या बाजारांत चालते. कासेत गाठ, एक सड लहान-एक मोठा, दुधात कणी, मागचा लंगडेपणा, मळलेली शेपटी, यातलं काहीही दिसलं तर मागे फिरा. घरी आणल्यावर तीन आठवडे जुन्या शेळ्यांपासून लांब ठेवा. पीपीआरसारखा (शेळ्यांचा प्लेग) रोग वाड्यात शिरला की एकट्या नव्या शेळीवर थांबत नाही.

चारा: परसातच शोधा

कोकणात शेळीचा चारा झाडावर असतो. फणसाचा पाला तिला सगळ्यात आवडतो. गिरिपुष्प, शेवगा, हादगा, तुती यांची कुंपणालाच लागवड करा. गिरिपुष्पाची खांडं मिरगाच्या पहिल्या पावसात वईत रोवली की आपोआप फुटतात. ताज्या पाल्याला वास असतो, म्हणून सुरुवातीला शेळ्या तोंड लावत नाहीत. अर्धा दिवस सुकवून द्या, खातात. सुबाभूळ चांगली, पण एकूण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, तिच्यातलं मिमोसीन अंगावरचे केस झडवतं.

मध्यम बांध्याच्या दुभत्या शेळीला दिवसाला तीन ते चार किलो हिरवा पाला आणि किलोभर सुका चारा लागतो. त्यावर पाव किलो आंबोण (धान्य-पेंडीचा खुराक) अंगासाठी आणि प्रत्येक लिटर दुधामागे आणखी तीनशे-चारशे ग्रॅम. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर दूध येत नाही, त्यात कस कमी. कुळीथ, चवळी, भुईमूग यांचा सुकवलेला पाला आणि वेल पोत्यांत भरून माळ्यावर ठेवला तर पावसाळ्यात त्याचं मोल कळतं. पावसात कापलेला पाला निथळून, वाऱ्यावर सुकवूनच घाला. ओला कोवळा पाला पोटभर खाल्ला की पोट फुगतं. खनिज वीट छपराखाली टांगा, दमट हवेत ती जमिनीवर वितळून जाते.

काय द्यायचं नाही हे मुलांना पहिल्या दिवशी शिकवा. कण्हेर हे विष आहे, घाणेरीही घातक. पण प्रत्यक्षात शेळ्या मरतात त्या मायेने. लग्नघरचा उरलेला भात, गणपतीतले मोदक, मे महिन्यात पाटीभर फणसाचे गरे, आजी कौतुकाने समोर ठेवते आणि पोटात आम्ल तयार होऊन शेळी रात्रीत आडवी पडते. शिजलेलं आणि गोड असं काहीही मूठभरापेक्षा जास्त नको. चुकून झालंच तर खाण्याच्या सोड्याचे घरगुती प्रयोग करत बसू नका, दवाखान्यात फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

मोकळं सोडण्याविषयी दोन शब्द. भातकापणीनंतर गुरं मोकाट सोडायची पद्धत बऱ्याच गावांत अजून आहे, म्हणून आपल्याही शेळ्या सड्यावर (कातळाच्या मोकळ्या माळावर) सोडाव्या असं वाटतं. पण आता सड्यावरही आंबा-काजूची कलमं उभी आहेत, आणि शेळी एका सकाळी शेजाऱ्याचं तीन वर्षांचं कलम शेंड्यापासून संपवते. गावकी बिघडवून दूध प्यायचं नसेल तर दिवसातले दोन-तीन तास कोणीतरी सोबत राहून चरवून आणा, बाकी वेळ गोठ्यात.

बोकड कधी दाखवायचा

या लेखातला सगळ्यात उपयोगी हिशेब हा आहे. शेळीची गाभणावस्था साधारण दीडशे दिवसांची. मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत शेळी फळली तर ती ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत विते. पाऊस गेलेला, चारा हिरवा, हवा कोरडी, करडं वाचतात. दुधाचा जोर विल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी येतो, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, नेमका प्रदर्शनांच्या दिवसांत. शिवाय पावसाळ्यात शेळी आटत आलेली किंवा आटलेली असते, त्यामुळे ओल्या गोठ्यात कासदाहाची (कास सुजण्याची) धास्ती कमी. उलट फेब्रुवारीत बोकड दाखवला की करडं जुलैत येतात, आणि जुलैतल्या करडांचं काय होतं ते कोणत्याही वाडीत विचारा.

माज अठरा ते एकवीस दिवसांनी येतो आणि दीड-दोन दिवस टिकतो. शेपटी सारखी हलवणं, ओरडणं, खाणं कमी होणं, योनीतून चिकट स्राव. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी दाखवा. बोकड मेच्या आधी शेळ्यांत सोडायचा नाही, म्हणूनच त्याला वेगळा कप्पा. पाट (अजून न व्यालेली तरुण शेळी) पहिल्यांदा दाखवायची ती वयावर नव्हे, वजनावर. मोठ्या शेळीच्या वजनाच्या दोन तृतीयांश भरली की मग. दर दोन वर्षांनी बोकड बदला, नाहीतर बापाकडून लेकी फळतात.

विण्याच्या आधीचे दोन महिने धार बंद. शेवटच्या महिन्यात आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची) लस आईला दिली की तिची ताकद चिकातून करडांना मिळते. विताना बहुतेक वेळा आपण काही करायचं नसतं. जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा-पाऊण तास झाला तरी काही बाहेर येत नसेल तर डॉक्टर. करडू आलं की नाका-तोंडातला चिकटा पुसा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावा आणि तासाभरात चीक पाजा. पहिल्या दिवसात करडाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पोटात गेला पाहिजे, तोही तीन-चार वेळा थोडा थोडा. वार (जार) सात-आठ तासांत पडते. अडकलेली वार ओढायची नाही.

पहिले दोन-तीन आठवडे करडं आईजवळ. मग रात्री करडं वेगळी बांधा, सकाळची धार तुम्ही काढा, दिवसभर करडं आईपाशी सोडा. घराला रोज सकाळचं दूध मिळतं आणि करडंही अंग धरतात. तिसऱ्या महिन्यात पूर्ण तोडा.

धार

धार ज्याने काढायची त्यानेच रोज काढावी, त्याच वेळी, त्याच जागी. आमच्याकडे हे काम वहिनीचं, कारण शेळ्या तिच्याच हाताला पान्हा सोडतात. पुरुषमाणसं फक्त सल्ले देतात. शेळीला दीड फूट उंचीच्या ओट्यावर उभी करून पुढे आंबोण ठेवा. सड कोमट पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने पुसा. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत काढून बघा, गुठळ्या दिसल्या तर ते दूध वेगळं ठेवा आणि डॉक्टरला दाखवा. चिमटीने ओढायचं नाही, मुठीने दाबायचं. धार संपली की सड आयोडीनच्या द्रावात बुडवा आणि शेळीला लगेच चारा घाला. सडाचं भोक मिटायला थोडा वेळ लागतो, तोवर ती खाली बसता कामा नये.

दूध गाळून लगेच थंड करा आणि उकळूनच प्या. शेळ्यांमधला ब्रुसेला हा रोग कच्च्या दुधातून माणसाला होतो. औषध चालू असलेल्या शेळीचं दूध डॉक्टर सांगतील तितके दिवस विकू नका. डेंग्यूची साथ आली की शेळीच्या दुधाला भलताच भाव येतो. दूध पचायला हलकं आहे, एवढं खरं. त्याने डेंग्यू बरा होतो असा पुरावा नाही, आणि गिऱ्हाइकाला तसं सांगून विकणं बरं नव्हे. वर्षाखालच्या बाळाला आईच्या दुधाऐवजी हे दूध देऊ नका, त्यात फॉलिक आम्ल फार कमी असतं.

पावसाळ्याची राखण

मे महिन्यात आंत्रविषाराची लस आणि जंताचं औषध उरकून घ्या. घटसर्प, लाळ्या खुरकूत आणि पीपीआर यांचं वेळापत्रक पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून लिहून घ्या. पीपीआरची एक लस तीन वर्षं पुरते, पण नव्या करडांना ती तीन महिने झाल्यावर द्यावीच लागते.

पावसातला मोठा शत्रू रक्त पिणारा जंत. हगवण न लागताही तो शेळी संपवतो. दर पंधरा दिवसांनी खालची पापणी उलटी करून बघायचं काम मुलांना द्या. आतला भाग लालसर गुलाबी असेल तर ठीक, पांढरट असेल तर जंत. जबड्याखाली पाण्याची सूज दिसली तर उशीर होत आला आहे. दर महिन्याला सगळ्यांना सरसकट औषध पाजण्यापेक्षा पापणी पांढरट झालेल्यांनाच, वजन करून, पूर्ण मात्रेत पाजा. कमी मात्रा वारंवार दिली की जंत औषधाला दाद देत नाहीत. शंका असेल तर लेंड्या तपासायला दवाखान्यात न्या.

खूर दर दीड-दोन महिन्यांनी कापा. चिखलात वाढलेल्या खुराच्या खाचेत ओल राहते आणि कुजतं.

प्रदर्शनाची तयारी

पशुसंवर्धन विभाग आणि जिल्हा परिषदा तालुका-जिल्हा पातळीवर पशुप्रदर्शनं भरवतात, ती बहुधा हिवाळ्यात. पंचायत समितीत आधीच विचारून ठेवा: कोणते गट आहेत, वय दातांवरून धरणार का, दूध स्पर्धा आहे का. कानातला बारा अंकी बिल्ला आणि लसीकरणाची नोंद तयार हवी. लस द्यायची राहिली असेल तर ती किमान तीन आठवडे आधी घ्या, आदल्या दिवशी नव्हे.

शेळी निवडताना आपण रंग आणि शिंगं बघतो, परीक्षक कास बघतो. अमेरिकेच्या डेअरी गोट असोसिएशनच्या गुणपत्रिकेत विलेल्या शेळीला शंभरपैकी पस्तीस गुण एकट्या कासेचे, पस्तीस एकूण बांध्याचे, वीस दुधाळ ठेवणीचे आणि दहा पोटाच्या घेराचे असतात. आपल्याकडे अशी गुणपत्रिका सगळीकडे नसते, पण घरच्या घरी शेळ्या लावून बघायला हे माप उत्तम. कास वरून घट्ट जोडलेली, गुडघ्याच्या वर राहणारी, धार काढल्यावर मऊ पडणारी, दोन सड सारखे आणि जास्तीचा सड नाही. पाठ सरळ, बरगड्या रुंद अंतराच्या, अंगावर चरबी नाही. दुधाची शेळी गुबगुबीत दिसली तर ती खाल्लेलं अंगाला लावते आहे, कासेला नाही.

तयारी महिनाभर आधी सुरू करा आणि ती मुलांवर सोपवा. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं गळपट्टा धरून चालवायचं, थांबवायचं, उभं करायचं. पुढचे पाय खांद्याच्या खाली सरळ, मागचे थोडे फाकलेले म्हणजे कास दिसते. चालवणाऱ्याने शेळी सतत आपल्या आणि परीक्षकाच्या मध्ये ठेवायची. अमेरिकेतली पोरं या कामासाठी पांढरे कपडे घालतात. आपल्या पोरांनी धुतलेला सदरा घातला तरी पुरे, पण शेळीचं वय, वेत, कोणत्या बोकडाची, दिवसाला दूध किती, हे विचारल्यावर त्यांना पाठ हवं. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक वही: वजनकाट्यावर मोजलेलं दूध, माज, लस, औषध. ही वही मुलांच्याच अक्षरात असावी. मोठ्यांच्या हातात गेली की आठवड्यात बंद पडते.

खूर आठ दिवस आधी कापा, कापताना लंगडली तर बरं व्हायला वेळ राहतो. दोन दिवस आधी ऊन बघून अंघोळ, कासेवरचे लांब केस कात्रीने कमी. तेल चोपडू नका, धूळ चिकटते.

एक गोष्ट करायची नाही. कास भरलेली दिसावी म्हणून सकाळची धार चुकवून शेळीला ताटकळत उभी करतात. शेळीला यातना होतात, सड गळायला लागतात, कासदाहाला आमंत्रण मिळतं आणि जाणता परीक्षक एका हातात ओळखतो. दूध स्पर्धेत तर कास आधी सगळ्यांसमोर रिकामी करून मगच पुढच्या धारा मोजतात, त्यामुळे चोरून काही साधत नाही.

जाताना घरचा पाला, घरचं आंबोण, स्वतःची बादली न्या. परक्या पाण्याला शेळी तोंड लावत नाही आणि एका दिवसात दूध घटतं. शेजारच्या शेळीची बादली वापरू नका, मुलांना सगळ्या शेळ्यांच्या तोंडावरून हात फिरवू देऊ नका. परत आल्यावर ती शेळी, बक्षीस आणलेलं असो वा नसो, तीन आठवडे वेगळ्या कप्प्यात. तिची धार सगळ्यात शेवटी काढा आणि मग हात धुऊन, चपला बदलूनच माचावर पाय ठेवा.